आधी पाण्याची वेळ, मग शहर

फेब्रुवारीत सांगलीहून माझा आत्येभाऊ, म्हणजे आमचा दादा, आणि वहिनी आमच्याकडे नेरुळला आले. दोघांनाही फ्लेमिंगो बघायचे होते. चहा-पोहे आटोपून सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही सीवूड्सजवळच्या डीपीएस शाळेमागच्या तळ्यावर पोचलो. तळ्यात दोन बगळे होते, काठाशी एक शेकाट्या चिखल टोचत होता. बाकी पाणीच पाणी.

वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, गेले का हो सगळे परत?”

गेले नव्हते. तिथून जेमतेम एक-दोन किलोमीटरवर, ठाणे खाडीच्या चिखलात, हजारोंनी चरत होते. त्या दिवशी अष्टमी होती. सकाळी सहाच्या सुमाराला भरती पूर्ण झालेली, नऊ वाजेपर्यंत पाणी बरंच उतरलेलं. खाडीतला चिखल उघडा पडल्यावर तळ्यात थांबण्याचं पाखरांना कारणच उरलं नव्हतं.

नवी मुंबई बघायला येणारा माणूस सहसा ठिकाणांची यादी घेऊन येतो. मी तीस वर्षं इथं राहतो. माझं सांगणं असं की यादी नंतर करा, आधी पाण्याची वेळ काढा. हे शहर डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलं आहे. इथली पाखरं, होड्या, मासळी, दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावरची वर्दळ, सगळं भरती-ओहोटीच्या तालावर चालतं.

वेळ काढायला पंचांग पुरतं. किनाऱ्यावरची जुनी माणसं करत आली तो हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, आकडा तोच; अमावस्या पंधरावी धरायची. दिवसातून दोनदा भरती येते, त्यामुळे हीच वेळ दिवसाला आणि थोड्या फरकाने रात्रीलाही लागू पडते. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

हा हिशेब जमतो कारण चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागे चालते. पाऊणपट म्हणजे तिथीमागे ४५ मिनिटं. थोडी चूक राहते, शिवाय समुद्राचं पाणी खाडीत आत शिरायलाही वेळ घेतं. म्हणून हातात अर्धा-पाऊण तास राखून ठेवा. नेमकी वेळ हवी असेल तर भरतीचे तक्ते आता फोनवर मिळतात. पण महिनाभर आधी रेल्वेचं तिकीट काढायला बसलेल्या माणसाला कोणत्या तारखांना यायचं हे ठरवायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरेसं आहे.

आता पाखरांचं गणित. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, उथळ पाण्यात आणि मऊ चिखलात चोच उलटी बुडवून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. त्याचा गुलाबी रंग त्या अन्नातूनच येतो. राखाडी-पांढुरकी दिसतात ती लहान वयाची पिल्लं. ओहोटीला खाडीचे चिखलपट्टे उघडे पडतात तेव्हा थवे तिथं चरतात. भरती आली की चिखल बुडतो, पाय टेकायला जागा राहत नाही. मग ते उडून आतल्या पाणथळ जागांवर विसाव्याला येतात: डीपीएसचं तळं, करावे गावाजवळची टी. एस. चाणक्य संस्थेलगतची पाणथळ. पाणी उतरलं की पुन्हा खाडीत. त्यामुळे तळ्यावर बघायचे तर भरतीला जा.

पण प्रत्येक भरती सारखी नसते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं, चिखल पार झाकून टाकतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तिला तेवढा जोर नसतो. चिखलाचे काही पट्टे उघडेच राहतात आणि बरेच पक्षी खाडी सोडतच नाहीत. म्हणजे आमची अष्टमी दोन्ही बाजूंनी चुकलेली होती, वेळेनेही आणि जोरानेही.

मग पौर्णिमाच का नको? चालेल, पण त्या दिवशी भरती ऐन बाराच्या उन्हात येते. मार्च-एप्रिलमध्ये त्या वेळी काठावर उभं राहवत नाही आणि माथ्यावरच्या उन्हात रंग फिके दिसतात. माझी निवड द्वादशी-त्रयोदशीची. भरती नऊ ते दहाच्या दरम्यान, जोर जवळपास उधाणाचा, आणि खाडी पश्चिमेला असल्यामुळे सकाळचं ऊन आपल्या पाठीवरून थेट पाखरांवर पडतं. भरतीच्या तासभर आधी काठावर हजर राहा. थवे उतरताना दिसतात तोच खरा सोहळा, कारण मिटलेल्या पंखांत लपलेला गडद गुलाबी आणि काळा रंग उडतानाच उघडतो.

मोसम साधारण डिसेंबर ते मे, पावसाच्या तोंडाशी ते निघून जातात. पाखरं उडावीत म्हणून टाळ्या वाजवणारी, खडे टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून असं करू नका. भरतीचे ते तीन-चार तास त्यांच्या विश्रांतीचे असतात. आणखी एक लक्षात घ्या. ही तळी जगतात ती खाडीचं पाणी नाल्या-मोऱ्यांतून आत-बाहेर खेळतं म्हणून. ती वाट बुजली की तळं साचतं आणि पाखरं पाठ फिरवतात. इथल्या लोकांनी या पाणथळ जागा राखण्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज, निवेदनं, न्यायालयं असं सगळं केलं आहे. तळं भरलेलं दिसलं तर त्यामागे तो खटाटोपही आहे हे ध्यानात असू द्या.

खाडीत शिरून बघायचं असेल तर ऐरोलीला जा. तिथं वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तिथूनच बोटीची फेरी निघते. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. बोटीच्या वेळा रोज बदलतात, आणि का ते आता वेगळं सांगायला नको: पाणी नसेल तर बोट चिखलात रुतते. आधी आरक्षण करा, आणि बोटीच्या वेळेभोवती बाकीचा दिवस बेता.

हे झालं पाण्याचं. आता जमिनीवर हरवू नये म्हणून थोडं.

मुंबईवरचा भार कमी करायला खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात ती छापून आली. ते उभारायला १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी ठरली. एकच मोठं शहर उभारण्याऐवजी चौदा छोटी शहरं एका माळेत ओवायची असा आराखडा. त्या प्रत्येकाला नोड म्हणतात: ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरुळ, बेलापूर, खारघर असे पुढे उलवे-द्रोणागिरीपर्यंत. प्रत्येक नोडमध्ये सेक्टर, सेक्टरमध्ये प्लॉट.

पाहुणे चुकतात ते इथं. सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये नव्याने सुरू होतात. वाशीचा सेक्टर १० वेगळा, नेरुळचा वेगळा, खारघरचा आणखी वेगळा. रिक्षात बसून नुसतं “सेक्टर दहा” म्हणालात तर रिक्षावाला ज्या नोडमध्ये उभा असेल तिथल्या दहाला नेईल. आधी नोड, मग सेक्टर, मग जवळची ओळखीची खूण, या क्रमाने पत्ता सांगा. स्टेशनची पूर्व-पश्चिमही आधी विचारून घ्या; चुकीच्या बाजूला उतरलात तर भुयारी मार्गाने परत रुळांखालून यावं लागतं.

लोकलचं असं आहे की सीएसएमटीहून येणारी हार्बर लाइन मानखुर्दनंतर खाडी ओलांडून वाशीला येते आणि पुढे पनवेलला जाते. रेल्वे १९९२ मध्ये वाशीला पोचली आणि तेव्हापासून हे शहर खऱ्या अर्थानं भरायला लागलं. त्याआधीची जवळजवळ वीस वर्षं सगळा भरवसा १९७३ च्या खाडीपुलावर होता. ठाण्याहून येणारी ट्रान्सहार्बर तुर्भ्यानंतर फाटते: एक फाटा सानपाड्यावरून वाशीला, दुसरा जुईनगरवरून नेरुळ-पनवेलकडे. ठाण्याला गाडीत चढताना पाटी वाचा, म्हणजे वाशीला जायचं असताना नेरुळला पोचणार नाही. मानखुर्दहून येताना उजव्या हाताची खिडकी मिळाली आणि ओहोटी असली, तर पुलावरून खाडीचा उघडा चिखल दिसतो आणि मोसमात त्यावरचे गुलाबी ठिपकेही. पुलाची ती दोन-तीन मिनिटं फोन खिशात ठेवा.

आमच्या चुकलेल्या अष्टमीला मी दोघांना घेऊन बेलापूरला गेलो. फ्लेमिंगो हुकले असतील त्यांनी हेच करावं असं मी म्हणेन, कारण शहराची सगळी वयं तिथं एका चालीत भेटतात.

सुरुवात किल्ल्यापासून करा. पाम बीच रस्ता संपतो तिथं महापालिकेचं घुमटाचं मुख्यालय आहे आणि जवळच किल्ले गावठाण. पनवेलच्या खाडीच्या तोंडावर नजर ठेवणारा हा किल्ला सोळाव्या शतकात सिद्दींनी बांधला. पुढे तो पोर्तुगीजांकडे गेला, १७३० च्या दशकात चिमाजी अप्पांच्या काळात मराठ्यांनी घेतला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. किल्ला मिळाला तर अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन असा चिमाजी अप्पांचा नवस होता, त्यावरून बेलापूर, अशी कथा सांगतात. आज उभा आहे तो एखादा बुरूज आणि थोडी पडकी तटबंदी. रायगड-राजगड डोळ्यांसमोर ठेवून येऊ नका. पण खाडीकडे तोंड करून उभे राहिलात तर चौकी इथंच का बसवली ते लगेच कळतं.

तिथून दिवाळे कोळीवाडा जवळ आहे. धक्क्यावर जायचं ते भरतीला, तेव्हाच होड्या लागतात. ओहोटीला त्याच होड्या चिखलात कलंडून पडलेल्या असतात आणि कोळी मंडळी जाळी दुरुस्त करत बसतात. तेही बघण्यासारखं आहे, पण मासळी घ्यायची असेल तर पाणी हवं. जवळा, कोलंबी, बोंबील, आणि खाडीची खास ओळख म्हणजे चिंबोरी आणि निवट्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आणि शहरांचं सांडपाणी यांमुळे खाडीतली मासळी पूर्वीइतकी राहिलेली नाही, हे कोळी स्वतःच सांगतात. फोटो काढण्याआधी विचारा. ते त्यांचं अंगण आहे.

गावठाण ओळखायला शिका, शहर दुप्पट दिसायला लागेल. सरळ रेषेत आखलेल्या सेक्टरमधून चालता चालता अचानक गल्ल्या वळणं घेतात, अंगणात तुळस येते, देवळाचा कळस दिसतो, घरांवर पाटील, म्हात्रे, भोईर, ठाकूर अशा पाट्या लागतात. करावे, शिरवणे, दारावे, जुहूगाव, तुर्भे, घणसोली, गोठिवली ही नावं सिडकोच्या आधीची आहेत. आगरी-कोळ्यांची ही गावं मिठागरं, भातखाचरं आणि मासेमारीवर जगत होती. शहर आलं ते त्यांच्या जमिनीवर. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि नवघर इथं पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. इथं कोणी “ही साडेबारा टक्क्यातली बिल्डिंग” म्हणालं तर त्या शब्दामागे हा इतिहास आहे. पाहुण्यांना मी तो आवर्जून सांगतो. नवी मुंबई मोकळ्या जागेवर उगवली, असं समजून कोणी परत जाऊ नये.

बेलापूरचं तिसरं ठिकाण आर्टिस्ट व्हिलेज. फार पाहुणे इकडे वळत नाहीत. मात्र जगभरातले वास्तुकलेचे विद्यार्थी वही घेऊन इथं येतात. चार्ल्स कोरियांनी ही वसाहत १९८० च्या दशकात उभी केली. बघायची कशी ते सांगतो. मुख्य रस्ता सोडून आत शिरा आणि एखाद्या छोट्या चौकात थांबा. भोवती सात घरं मोजा. सात घरांना मिळून एक अंगण, साधारण आठ मीटर लांब-रुंद. असे तीन गट एकत्र येऊन एकवीस घरांचा थोडा मोठा चौक होतो, आणि तसे तीन चौक मिळून आणखी मोठं मैदान. तान्ह्या पोरानं रांगायचं ते सात घरांच्या अंगणात, शाळकरी पोरांनी खेळायचं ते पुढच्या चौकात, आणि गणपती बसवायचा तो मैदानात, असं ते आपोआप जुळत जातं.

दुसरी गोष्ट भिंतींची. मूळ आराखड्यात एकाही घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नाही. हे मुद्दाम केलं होतं. हातात पैसा आला की कुटुंबानं आपलं घर वाढवावं आणि त्यासाठी शेजाऱ्याची परवानगी लागू नये. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे कमी आणि जास्त मिळकतीच्या घरांत जागेचा फरक थोडाच. घरं अशी की गावचा गवंडीही बांधू शकेल, वर उतरतं कौलारू छप्पर. आज कित्येक घरांच्या जागी तीन मजली इमारती आहेत आणि मूळ कौलारू घर शोधावं लागतं. काही लोक ही योजना फसली म्हणतात, मला तसं वाटत नाही. घर वाढलं पाहिजे हाच तर आराखडा होता, आणि अंगणं अजून जागच्या जागी आहेत. दादा पायरीवर टेकून बराच वेळ ते अंगण बघत होता. सांगलीत त्यांच्या वाड्याचा चौक त्यानं लहानपणी पाहिला होता. एका आजींनी आतून पाणी आणून दिलं.

रात्रीची झोप मोडायची तयारी असेल तर तुर्भ्याच्या एपीएमसीला जा. मुंबईचे घाऊक बाजार १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्यानं इथं आले: कांदा-बटाटा, मसाला, दाणा, भाजी, फळं. भाजीचे ट्रक रात्रीच लागतात आणि पहाटेपर्यंत अर्ध्या मुंबईची भाजी इथून निघून जाते. सकाळी आठला पोचणाऱ्याला पालापाचोळा दिसतो. मार्चपासून मे अखेरपर्यंत फळबाजारात पहाटे चालून बघा. देवगड-रत्नागिरीच्या हापूसच्या पेट्या, गवताचा वास, आणि त्यांतून वाट काढणारे माथाडी. डोक्यावर ओझं घेतलेल्या माणसाला पटकन थांबता येत नाही, तेव्हा बाजूला व्हायचं ते आपण. चप्पल घालू नका, बूट घाला. इथं एक-दोन फळं मिळत नाहीत, पेटीच घ्यावी लागते, म्हणून दोन घरं मिळून जा.

बाकीचं थोडक्यात. लहान मुलं असतील तर नेरुळचं वंडर्स पार्क. क्रिकेटवेड्यांनी नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानाचं बाहेरून तरी दर्शन घ्यावं. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय मुलींनी विश्वचषक तिथं जिंकला. बेलापूर ते पेंधर मेट्रो २०२३ पासून चालते, तिच्यातून खारघरचे डोंगर छान दिसतात. पावसाळ्यात तर हीच डोंगर बघायची सगळ्यात निर्धोक जागा. पांडवकड्याच्या धबधब्याखाली मात्र जाऊ नका. वरून पाण्याचा लोंढा कधी येईल हे खाली कळत नाही, दरवर्षी तिथं बंदी घालतात आणि ती पाळायची असते. लांबून, रस्त्यावरून बघा, तिथूनही तो पुरेसा देखणा आहे.

उरणपर्यंतची लोकल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. गाड्या मोजक्या आहेत, परतीची वेळ आधी टिपून घ्या. वाटेत नव्या विमानतळाचा परिसर, पुढे बंदराचे कंटेनर. उरणहून चिरनेरला जाता येतं. २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचं गाव. अटल सेतूवर गाडी थांबवता येत नाही, म्हणून तो ‘बघायला’ जायचं काम नाही. मुंबईला परत जाताना ओहोटीच्या वेळी त्यावरून गेलात तर शिवडीकडचा चिखल दिसेल.

पाचव्या दिवशी त्रयोदशी आली. पावणेनऊला आम्ही पुन्हा त्याच तळ्याच्या काठावर होतो. पाणी मोरीतून आत येत होतं. पहिला थवा वीस-पंचवीसचा, मग आणखी एक, मग मोजणं सुटलं. साडेनऊपर्यंत अर्धं तळं गुलाबी झालं होतं आणि बहुतेक पाखरं एका पायावर, मान पंखात खुपसून उभी होती. वहिनी काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. साडेअकराच्या सुमाराला पाणी उतरू लागलं तशी कडेची पाखरं माना वर काढून खाडीकडे बघायला लागली.

घरी आल्यावर दादानं भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि बोटांवर पाऊणपट करत मार्चचं पान चाळू लागला. त्याच्या मुलीला सुट्टी कधी आहे, ते सांगलीला फोन करून विचारायचं होतं.